वाढत्या अंगाचं नको

आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात वारा शिरला तरी त्याला विचारतील, कुठून आलास, कुणी पाठवलं. भावजय आहे म्हणून मी जळून बोलतेय असं समजू नका. गल्लीत कुणालाही विचारा. गल्लीने त्यांचं नाव एक्सरेबाई ठेवलंय. ते मी ठेवलेलं नाही, पण वन्संना तसा संशय आहे.

त्या लहान मुलांचे कपडे शिवतात. फक्त लहान मुलांचे. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लागून त्यांचं मशीन, शेजारी कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा, आणि त्याच्यासमोर एक बुटकं स्टूल. त्यावर पोरांना उभं करून मापं घेतात. काज-बटणं, हातशिलाई, इस्त्री आणि बोलणी खाणं ही माझी कामं. मशीन खिडकीशी का, तर उजेडासाठी, असं त्या सांगतात. खरं तर उजेड मागच्या खिडकीतून जास्त येतो. पण मागच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही.

दूधवाला पाणी घालतो, हा झाला साधा संशय, तो कुणालाही येतो. वन्संचा संशय असा, की हल्ली दूध घट्ट का येतंय? याला आपल्याकडून काय हवंय? समोरच्या सलूनवाल्याने दाराचा पडदा बदलला, तर का बदलला? मीटर बघायला येणारा पोरगा हसून बोलला, तर हसायला काय झालं? आणि मी कधी चहात साखर कमी घातली की, "कुणासाठी वाचवतेस?" अहो, तुमच्याच मधुमेहासाठी! पण सांगणार कुणाला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं हो. वन्संच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याकडून दोन शर्ट शिवून घेतले. कचेरीत समारंभ आहे म्हणाला. वन्संनी जीव ओतून शिवले, कॉलरला दुहेरी टीप घातली. त्यातला एक अंगात आणि दुसरा बॅगेत घालून तो माणूस जो गेला, तो गेलाच. मेला नाही, हरवला नाही. दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसला. तेव्हापासून वन्सं मोठ्या माणसांचे कपडे शिवत नाहीत, आणि मुलांचा कपडा शिवायला आला तरी आधी विचारतात, कुठे घालायचा, कुणाबरोबर जायचं, परत कधी यायचं. गिऱ्हाईक बिचारं वाढदिवसाचा फ्रॉक टाकायला आलेलं असतं.

तर एका दुपारी एक माणूस दोन पोरांना घेऊन दारात उभा राहिला. मुलगी असेल आठ-नऊ वर्षांची, गुडघे खरचटलेले. मुलगा लहान, पुढचा दात पडलेला. माणसाच्या खिशावर कंपनीचं चिन्ह होतं आणि नखांत काळं तेल. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाला. मी त्याला मनात लिफ्टवाला म्हणायला लागले आणि तेच नाव पुढे आमच्या घरात चाललं.

"मुलांसाठी कपडे हवेत," लिफ्टवाला म्हणाला. "रात्रीच्या जेवणाला घालायचे."

वन्संनी चष्मा नाकावर खाली ओढला. "जेवायला वेगळे कपडे? मी तर उलटं बघितलंय. पोरगं जेवायला बसलं की आई आधी त्याचा चांगला शर्ट काढून ठेवते."

"बोटीवर जायचंय. मोठी बोट असते ना, हॉटेलसारखी. चार दिवसांची सहल आहे. शेवटच्या रात्री मोठ्या हॉलमध्ये जेवण असतं, तिथे नियम आहेत. चड्डी चालत नाही, चप्पल चालत नाही, बिनबाह्यांचं चालत नाही. मुलाला लांब पँट आणि कॉलरचा शर्ट. मुलीला फ्रॉक किंवा चांगली पँट. मुलांनी कोट घालायलाच पाहिजे असं काही नाही, पण मला हवाय."

"का हवाय?"

"चांगला दिसेल म्हणून."

"कुणाला?"

"मला," तो म्हणाला, आणि आपणच ओशाळला.

मला तो माणूस तिथेच आवडला होता. पण माझ्या आवडण्याला आमच्या घरात विचारतो कोण.

मुलगी म्हणाली, फ्रॉक नको, फ्रॉकमध्ये पाय गार पडतात. मुलगा म्हणाला, मला वाघाचं चित्र असलेला शर्ट हवा. लिफ्टवाला कधी इकडे बघतोय, कधी तिकडे. मग वन्सं उठल्या. मोठ्यांशी त्या वकिलासारख्या बोलतात, पण स्टुलावर पोर चढलं की ती बाईच वेगळी. मुलाला म्हणाल्या, वाघ कोटाच्या आत, अस्तरावर लावते, म्हणजे तुला एकट्याला माहीत. पोरगं खूश. मुलीला म्हणाल्या, तुला गडद निळी पँट, फिकट पिवळा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, आणि पँटला खरे खिसे, नुसते दाखवायचे नाहीत. लिफ्टवाल्याला म्हणाल्या, "हे बघा, बोटीवर एसी लावून ठेवतात असं ऐकलंय, तेव्हा बाह्या लांबच. मुलाचा कोट गडद, कारण सूप सांडणार. सांडणारच, उगाच मला सांगू नका नाही सांडणार म्हणून. पँटला मागून इलॅस्टिक, जेवल्यावर पोट वाढतं. हूक नको, बटणच. बोट हलत असताना पोराला घाईची लागली तर हूक कोण काढत बसणार? आणि बूट नवे घेऊ नका. नव्या बुटाने पाय चावला की पोर जेवत नाही."

तो मान डोलावत होता. सगळं कसं छान चाललं होतं. मग वन्सं फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "वाढत्या अंगाचं शिवते. पँटला खाली कापड दुमडून ठेवते, कोटाच्या बाह्यांतही. पुढच्या वर्षीही होतील."

"नको," लिफ्टवाला म्हणाला. "वाढत्या अंगाचं नको. आज आहेत तेवढंच शिवा. अगदी अंगाबरोबर."

माझ्या हातातली सुई थांबली. मुलांचे कपडे शिवणाऱ्या घरात हे वाक्य कुणी बोलत नाही हो. आमच्याकडे येतात ते आईबाप म्हणतात, अजून दोन बोटं सोडा, अजून थोडं सैल करा, याचा धाकटाही घालेल. काही पोरं तर नव्या कपड्यात हरवून जातात. गरीब असो, श्रीमंत असो, आत कापड सोडू नका म्हणणारा बाप मी बघितला नव्हता. वन्संनीही नव्हता.

"यांची आई नाही आली?" वन्संनी विचारलं. आवाज एकदम गोड. मला तो आवाज माहीत आहे.

"ती कामावर असते."

"तिला माहीत आहे ना?"

"सहलीचं माहीत आहे," तो म्हणाला आणि आरशाकडे बघायला लागला. "कपड्यांचं नाही सांगितलं. तुम्हीही कुठे बोलू नका."

झालं! तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत वन्सं खिडकीत.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या.

"काही मुरत नाहीये. हौशी माणूस आहे."

"हौशी माणूस आत कापड सोडू नका म्हणतो? अगं, ज्याला पोरं वाढवायची असतात तो वाढत्या अंगाचं मागतो. याला मुळी ती वाढलेली बघायचीच नाहीयेत. आईपासून लपवून. बोटीवर. भोवती सगळं पाणी."

"म्हणजे काय, बुडवणार आहे? कोट शिवून? अस्तराला वाघ लावून?"

"तू भोळी आहेस," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडी ही शिवी असते.

पुढच्या आठवड्यात ट्रायल होती. वन्संची ट्रायल म्हणजे एक प्रकरणच असतं. त्यांचं म्हणणं, जेवणाचा कपडा उभ्या पोरावर बघायचा नाही, खाणाऱ्या पोरावर बघायचा. मुलांना टेबलाशी बसवलं, पुढे बिस्किटं ठेवली. मुलगा हात लांब करून बिस्किट घेतो तेव्हा बाही कुठवर चढते, वाकतो तेव्हा कॉलर मानेला काचते का, सगळं बघितलं. लिफ्टवाल्याला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा, तुमच्याकडे बघून पोरं ताठ बसतात. तो बिचारा खरं समजून फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

मग सुरू झाली चौकशी. तुम्ही बाबांबरोबर राहता का गं? नाही, आईबरोबर राहतो. बाबा कधी येतात? रविवारी. आई काय करते? दातांच्या डॉक्टरकडे असते, पुलाजवळच्या दवाखान्यात. बोटीवरून आल्यावर हे कपडे कुठे घालणार? मुलीने खांदे उडवले. "बाबा म्हणाले, एकदाच घालायचे. मग ते घेणार."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पोरांच्या अंगावरचे कपडे उतरवून हा माणूस काय करणार? मी बाहेर बघितलं, तर लिफ्टवाला काचेतून आत बघत होता. कोटातल्या मुलाकडे नुसता बघत होता, डोळ्याची पापणी हलत नव्हती. मला ते बघणं विचित्र वाटलं, हे कबूल करते.

पण म्हणून मी पुलाजवळच्या दवाखान्यात गेले नसते. गेल्या त्या वन्सं, आणि नेलं मला. दातांच्या डॉक्टरकडे कारणाशिवाय कसं जायचं, म्हणून दुखणारा दात माझा ठरला. वन्संची कवळी आहे, त्यांना कोण विश्वास ठेवून आत घेणार! मी तिथे गालाला हात लावून बसले आणि वन्संनी टेबलामागच्या बाईला बाजूला घेतलं. मुलीचीच जिवणी, ओळखायला वेळ लागला नाही. अंगात पांढरा डगला, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

वन्संनी सगळं सांगितलं. कोट, ब्लाउज, लपवाछपवी, आत कापड सोडू नका, कपडे मी घेणार. एकही गोष्ट खोटी नाही. पण वन्संच्या तोंडून खरं बाहेर पडतं तेही काळा बुरखा घेऊन पडतं. आई आधी म्हणाली, सहलीचं मला ठाऊक आहे, मीच हो म्हटलंय. मग म्हणाली, कपड्यांचं मला का नाही सांगितलं? मग खुर्चीवर बसली. "शेवटचे चार दिवस मागितले त्याने," ती म्हणाली. "म्हटलं, एवढे तरी द्यावेत. आणि हे असलं काहीतरी मनात?"

"कसलं, ते मला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण आई आहात. शंका आली तर थांबावं."

"नाही जाणार पोरं," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून माझं बोलावणं आलं. न दुखणारा दात डॉक्टरने ठोकून ठोकून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून तो खरंच दुखायला लागला. वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, डॉक्टरवर मला आधीच संशय होता.

"शेवटचे चार दिवस" म्हणजे काय, हे त्या बाईला दोघींनीही विचारलं नाही. वन्संनी आयुष्यात जगाला इतके प्रश्न विचारले, आणि हा एक विचारायचा राहिला.

घरी येऊन वन्संनी दोन्ही कपडे पुरे केले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, घेतलेलं काम टाकत नाही. बोट शनिवारी सुटणार होती. शुक्रवारी दुपारी लिफ्टवाला आला. एकटाच. दाढी वाढलेली.

"कपडे झालेत?" त्याने विचारलं. "पोरं येत नाहीयेत आता. त्यांची आई नको म्हणाली, कारणही सांगेना. तरीही द्या."

"ती घालणार नाहीत, तर तुम्हाला कशाला?" वन्संनी कपडे टेबलावर ठेवले, पण हात त्यांच्यावरच.

तो स्टुलावर बसला. त्या बुटक्या स्टुलावर एवढा मोठा माणूस, गुडघे हनुवटीला आलेले. मग एकदम बोलायला लागला. बायकोपासून वेगळं होऊन बराच काळ झाला, भांडण काही नाही. तिला लांबच्या देशात काम मिळालंय. पुढच्या महिन्यात ती मुलांना घेऊन चाललीय. तोच हो म्हणाला होता, मुलांचं तिथे भलं होईल म्हणून.

"वर्ष-दीड वर्षाने भेटतील," तो म्हणाला. "तोवर केवढी होतील, कशी दिसतील, मला काय कळणार? फोनवर दिसतात, पण फोनवर उंची कळत नाही हो. आत्ताची आहेत तेवढी तरी माझ्याजवळ राहावीत, असं वाटलं. एक रात्र घालतील, सांडतील, चुरगळतील. मग मी ते न धुता कपाटात ठेवणार होतो. म्हणून अंगाबरोबर मागितले. तिला सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मग माझ्याच्याने पोरं पाठववली नसती." त्याने कोटाची बाही हातात घेतली. "आता नवेच राहतील. पण माप तर त्यांचंच आहे ना?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! वन्संचा आला, माझा आला, माझ्या त्या मेल्या दाताचा आला. तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच म्हणाल्या, "तिला मी सांगितलं. दवाखान्यात जाऊन."

तो बघत राहिला. "तुम्ही? का?"

"शंका आली."

मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. तो म्हणाला, "मला विचारायचं होतंत." बस. एवढंच. तेही हळू आवाजात. वन्संच्या तोंडाकडे बघवेना. थोरलेपणाने त्यांनी मला आजवर खूप सुनावलंय, पण त्या दिवशी त्या टेबलाला धरून उभ्या होत्या आणि मला त्यांची कीव आली. कीव आली, आणि तरी राग गेला नाही.

"इथेच बसा," त्या त्याला म्हणाल्या. कपडे कागदात गुंडाळले, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

"कुठे? आता कुठला दात?"

"बडबड नको. चल."

दवाखाना बंद व्हायला आला होता. तिथून त्या बाईच्या मागोमाग तिच्या घरी गेलो. तिसरा मजला, वन्संना दम लागलेला. खोलीत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं, भिंतीवर चित्रं काढून घेतल्याचे चौकोन. मुलं आतल्या खोलीत होती. मुलगा मोठ्याने रडत होता, मुलगी त्याला गप्प करत होती. बोटीवर जायचं राहिलं म्हणून रडतोय, हे सांगावं लागलं नाही.

वन्संनी खोक्यावर बसून त्याचं सगळं बोलणं सांगितलं. जसंच्या तसं, या वेळी बुरखा न घालता. बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परवा तुम्हीच आलात थांबवायला. आज तुम्हीच म्हणताय पाठवा. कपड्यांची गोष्ट खरी कशावरून? तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. अहो, हो म्हणा ना! एकदा तरी, जन्मात एकदा!

"खात्री मला कुणाचीच नाही," वन्सं म्हणाल्या. "ही माझी भावजय. इतकी वर्षं एका घरात राहतोय, तरी हिने चहा दिला की मी आधी वास घेते. खात्री मला एकाच माणसाची होती, आणि तो मी शिवलेला शर्ट घालून निघून गेला. तेव्हा माझ्या खात्रीला किंमत देऊ नका. पण एक सांगते. सोडून जाणाऱ्याची रीत मी जवळून बघितली आहे. जाणारा माणूस मागचं काही जपत नाही. आणि पळवून नेणाऱ्याला पोरं हवी असतात, त्यांचे मळके कपडे नको असतात. ज्याच्याकडे पोरं राहणार नाहीत, तोच कपडे ठेवायला बघतो."

बाईने कागद सोडला. कोट हातात घेतला, आतला वाघ बघितला. मग ब्लाउजचा खांदा दोन्ही हातांनी धरून आपल्यासमोर उभा केला, जणू मुलगीच समोर उभी आहे. "आतून जरा कापड सोडायचं होतंत," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच काय म्हटलं ते कळलं आणि ती रडली. रडणं ऐकून मुलं दारात आली.

शनिवारी तिने स्वतः मुलांना धक्क्यावर नेऊन सोडलं.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण पुढचे चार दिवस मला वन्संबरोबर काढायचे होते, हे विसरू नका. पहिल्या दिवशी त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन थांबवून म्हणाल्या, "अगं, रचलेलं नसेल ना सगळं?"

"काय रचलेलं?"

"कपाटात ठेवणार वगैरे. रडवेला चेहरा कुणालाही करता येतो. आणि मीच जाऊन पोरं त्याच्या हवाली केली. आता तो मध्येच कुठे उतरला तर?"

"पाण्यात?"

"बंदरं असतात," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी विचारून आलेय."

विचारून आल्या होत्या! ज्या सलूनवाल्याच्या पडद्यावर इतके दिवस संशय होता त्याच्याकडे जाऊन, कारण त्याचा भाऊ बंदरावर कामाला आहे. मी कपाळाला हात लावला. जेवण त्यांना जाईना. इस्त्री करताना मी गुणगुणले तर म्हणाल्या, तुला गाणं सुचतंय? तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली बाई स्वतःच आमच्याकडे आली. मुलांचा फोन लागत नव्हता, समुद्रात लागत नाही म्हणे. बसली, चहा घेतला. दोघी खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिल्या. रस्त्यावर काय बोट येणार होती? पण वन्संनी आपली खुर्ची कधी कुणाला दिली नव्हती, ती त्या बाईला दिली.

बोट परत यायची त्या सकाळी आम्ही तिघी धक्क्यावर. वन्सं कठड्याला चिकटून. बोट एवढी मोठी, की आमची सगळी गल्ली तिच्यात मावली असती. माणसं उतरायला लागली. एक कुटुंब गेलं, दुसरं गेलं, म्हातारे गेले, चाकाच्या बॅगा गेल्या. वन्संनी माझं मनगट असं धरलं होतं की बोटं उमटली. "नाहीयेत," त्या पुटपुटत होत्या. "नाहीयेत. मी सांगितलं होतं ना, नाहीयेत."

आणि मग ती तिघं दिसली. मुलगा पुढे धावत, मुलगी मागे, आणि दोन्ही खांद्यांवर बॅगा अडकवून लिफ्टवाला. अंगात रोजचेच कपडे. आईने दोघांना जवळ घेतलं ते सोडेचना. वन्संनी माझं मनगट सोडलं, चष्मा पुसला, आणि लगेच मुलाला बाजूला घेऊन प्रश्न सुरू. कुठे कुठे गेलात? रोज कुठे झोपलात? कोट झाला का नीट? बाही चढत नव्हती ना?

"झाला," मुलगा म्हणाला. "सूप सांडलं. वाघ मी वेटरला दाखवला."

"आणि जेवलास पोटभर?"

"हो. ताईने तर दोनदा आइस्क्रीम खाल्लं. पण बाबा जेवलेच नाहीत."

"का रे? तब्येत बरी नव्हती?"

"माहीत नाही. ते नुसते आमच्याकडे बघत होते. वेटरने विचारलं, नको का हे, तरी ते बघतच होते. मग त्याने त्यांचं ताट भरलेलंच उचलून नेलं."

वन्संनी वर बघितलं. लिफ्टवाला थोडा दूर उभा होता. बॅगा त्याने खाली ठेवल्या होत्या, पण एक कागदी पिशवी हातातच होती, छातीशी धरलेली. आई मुलांना घेऊन निघाली तेव्हा मुलीने मागे वळून हात हलवला. त्याने पिशवी धरलेला हात न सोडता, दुसरा हात हलवला. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी तो हलवत होता.

वन्संनी नाक शिंकरलं, रुमाल कमरेला खोचला आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पहिल्यापासून संशय होता. हा माणूस जेवायला चाललाच नव्हता."

मग त्या त्याच्याकडे गेल्या आणि त्याला म्हणाल्या, घरी चला, काहीतरी खाऊन घ्या.